बंद झालेली बिडी, पिशवीतली गोळी आणि सिप्रो: एका रात्रीची केस

पार्श्वभूमी

आजोबा ६८ वर्षांचे, वजन ५२ किलो, गाव कोल्हापूरपासून तासाभरावर. हंगामात गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून तीसेक वर्षं काढलेली, म्हणजे रोज चिपाडाच्या जाळाचा धूर आणि वर दिवसाला एक बंडल बिडी, छातीचं काय झालं असणार ते वेगळं सांगायला नको. सीओपीडी (धुरानं श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा आजार) जुना, प्रोस्टेटचा त्रास पण होता पण तो कुणाला सांगितलेला नव्हता. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, शहरातलं साधं पन्नास बेडचं प्रायव्हेट हॉस्पिटल समजा, जिथं फिजिशियन सर सकाळ-संध्याकाळ राउंडला येतात, रात्री एक आरएमओ (निवासी डॉक्टर) असतात आणि बाकीचे स्पेशालिस्ट बोलावलं की येतात.

जानेवारीतली थंडी, सोमवारी संध्याकाळी ॲडमिट झाले तेव्हा वाक्य पूर्ण बोलता येत नव्हतं. श्वास मिनिटाला ३२, पल्स ११२, ऑक्सिजन न लावता एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ८४. ट्रीटमेंट आपल्याकडं बहुतेक वॉर्डात चालते तीच: नेझल प्रॉंगनं दोन लिटर ऑक्सिजन (टार्गेट ८८ ते ९२), दर सहा तासांनी साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियमचं नेब (श्वासनळ्या उघडणारी औषधं वाफेसारखी ओढायला देणं), हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड १०० आठ तासांनी, अमॉक्सिक्लॅव हे अँटिबायोटिक शिरेतून, आणि डेरिफायलिन एक अँप्युल आठ तासांनी. डेरिफायलिन म्हणजे इटोफायलिन आणि थिओफायलिन, श्वासनळ्या मोकळ्या करणारी औषधं. सीओपीडीच्या आंतरराष्ट्रीय गोल्ड गाइडलाइनमध्ये अटॅक आलेला असताना शिरेतून या गटातलं औषध द्यायची शिफारस नाही असं लिहिलंय, पण आपल्याकडं दम लागलेला पेशंट आला की हात आपोआप त्या अँप्युलकडं जातो, डॉक्टरांचा पण आणि आमचा पण.

ॲडमिशन मीच, म्हणजे वॉर्डातल्या सिस्टरनं, केलं होतं. घरी काय औषधं चालू आहेत या रकान्यात मी लिहिलं, "दम्याच्या गोळ्या व पंप". बस्स. कोणत्या गोळ्या, किती पॉवरच्या, कधी घेतात, काही नाही. त्या वेळी तिकडं एक पेशंट शिफ्ट करायचा होता, दोन नातेवाईक बिलावरून काउंटरवर ओरडत होते, आणि आजी म्हणाल्या "त्या गोळ्या हायत की घरच्या", मी म्हटलं "बरं" आणि पुढं गेले. ही केस खरं तर त्या "बरं" पासून सुरू होते.

काय काय घडत गेलं

मंगळवारी दुपारनंतर आजोबांना लघवी होईना. पोट फुगलं, तळमळ सुरू झाली, शेवटी कॅथेटर घातला तर एकदम ८०० मिली निघाली. इथं पहिली गोष्ट घडून गेली होती आणि कुणी तिला नाव दिलं नाही. इप्राट्रोपियम हे अँटिकोलिनर्जिक, म्हणजे नसांकडून स्नायूंना जाणारा एक निरोप अडवणारं, ज्याचं प्रोस्टेट वाढलंय त्या पुरुषाला नेबमधून दिलं तरी लघवी अडकू शकते. मुखवट्यातून जास्तीचं औषध डोळ्यांत गेलं तर काचबिंदूवाल्याला त्रास होतो हे आम्हाला शिकवलेलं असतं, लघवीचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही, "म्हातारपण, प्रोस्टेट" म्हणून विषय संपतो.

रात्री युरोलॉजिस्ट सर येऊन गेले. लघवीत पस सेल (पूच्या पेशी) भरपूर होते, कल्चर (कोणता जंतू आणि त्याला कोणतं औषध चालेल याची तपासणी) पाठवलं आणि प्रोग्रेस नोटमध्ये त्यांनी लिहिलं, सिप्रोफ्लॉक्सॅसिन (सिप्रो, हे पण अँटिबायोटिक) ५०० सकाळ-संध्याकाळ. त्यांनी जे पान उघडलं होतं त्यावर डेरिफायलिन नव्हतंच, ते ट्रीटमेंट शीटवर, आणि ट्रीटमेंट शीट मेडिसिन ट्रॉलीवर. ड्यूटीवरच्या स्टाफनं ऑर्डर उतरवून घेतली, मेडिकलमधून गोळ्या आल्या, बुधवारी सकाळी आठला पहिला डोस.

सिप्रो म्हटलं की आमच्यातल्या कुणालाही झोपेतनं उठवून विचारा, दुधाबरोबर नको, अँटासिडबरोबर नको, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. हे भिंतीवर चिकटवलेलं असतं. ते खरंच आहे, औषध पोटातच बांधलं जातं आणि लागू पडत नाही. पण सिप्रोचं दुसरं तोंड, म्हणजे लिव्हरमधलं, ते भिंतीवर नसतं.

बुधवारी आजोबांची छाती बरी वाटत होती. गुरुवारी दिवसभर मात्र त्यांनी जेवणाला हात लावला नाही, नुसता चहा. रात्री आठला मी ड्यूटीवर आले, हँडओव्हर मिळाला: "चेस्ट क्लिअर होतंय, थोडं नॉशिया आहे, झोप नाही, जरा चिडचिड करतायत, बिडी नाही ना मिळत." सगळे हसलो. आठच्या राउंडला मी सिप्रो दिली. साडेनऊला उलटी झाली म्हणून एसओएस (गरज पडली तर) लिहिलेलं ऑनडॅनसेट्रॉन हे उलटीचं औषध चार मिलिग्रॅम शिरेतून दिलं. पावणेदहाला परत उलटी.

अडचण कुठं होती

पल्स १३६. हात इतके थरथरत होते की पाण्याचा पेला धरता येत नव्हता. पण श्वास २४ आणि एक लिटर ऑक्सिजनवर एसपीओटू ९१, छातीत सोमवारच्या मानानं शिट्टी खूपच कमी.

मी तिथंच थोडी अडकले. दम वाढून पल्स वाढली असती तर समजण्यासारखं होतं, पण दम उतरतोय आणि पल्स चढतेय, हे उलटं कसं? साल्ब्युटामॉलनं हात थरथरतात, पल्स वाढते हे रोजचं आहे, पण शेवटचं नेब संध्याकाळी सहाला झालं होतं, त्याचा परिणाम रात्री दहाला इतका टिकायचं कारण नाही. आणि साल्ब्युटामॉलनं दोन-दोन उलट्या सहसा होत नाहीत.

आरएमओ सर खालच्या मजल्यावर एका ॲक्सिडेंटच्या पेशंटमध्ये होते. फोनवर सगळं ऐकून म्हणाले, नेबचा परिणाम आहे, त्यात बिडी सुटल्याची बेचैनी आहे, टॅब्लेट प्रोप्रॅनोलॉल २० स्टॅट (लगेच) द्या, थरथर पण थांबेल आणि पल्स पण खाली येईल, मी अर्ध्या तासात येतो.

ऐकायला अगदी बरोबर वाटतं. थरथर आणि धडधड, दोन्हीवर एकच गोळी. मी कपाटापर्यंत गेले सुद्धा.

गोळी हातात घेतल्यावर डोक्यात एकच वाक्य आलं, दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉल नाही. हे औषध फक्त हृदयावर थांबत नाही, श्वासनळ्या उघड्या ठेवणारे बीटा रिसेप्टर पण ते बंद करतं, म्हणजे ज्या कुलपात साल्ब्युटामॉलची किल्ली लागते तेच कुलूप भरून टाकायचं. दम्यात तर ते चालतच नाही, सीओपीडीत हृदयासाठी गरज असेल तर निवडक बीटा ब्लॉकर जपून वापरतात पण प्रोप्रॅनोलॉलसारखं सगळीकडं लागणारं टाळतात. चार दिवस मेहनत घेऊन उघडलेली छाती परत मिटली असती, आणि ते पण रात्री साडेदहाला.

मी गोळी परत ठेवली आणि बेडजवळ गेले, आजींना विचारलं आजोबांच्या पोटात आज काय काय गेलंय. चहा, दोन बिस्किटं. "आणि ही रातची गोळी ऱ्हायलीय बघा, उलट्या चालल्यात म्हणून थांबलो, आता देऊ काय?"

त्यांच्या हातात एक गोळी होती, मागं कापडी पिशवी. पिशवीतलं पाकीट बघितलं तर थिओफायलिन ४०० मिलिग्रॅम, एसआर म्हणजे हळूहळू सुटणारी. "किती वर्षं घेतायत?" "लै वर्षं झाली की. रोज रातच्याला मी सोताच्या हातानं देतो, एक दिवस चुकवलो न्हाई. हितं आल्यावर पण देतो की." (आमच्याकडं बाया असंच बोलतात, मी देतो, मी जातो, बाहेरच्यांना गंमत वाटते.)

म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन रात्री आमच्या इंजेक्शनच्या वर घरची ४०० ची गोळी चालूच होती. आजींनी काही चुकीचं केलं नाही, त्यांना कुणी बंद करा म्हणालंच नव्हतं.

मग मी विचारलं बिडी कधीपासून बंद. आजोबाच बोलले, "शनवारपासनं वडली न्हाई, दम लागाय लागल्यावर कुठली बिडी." पाच दिवस.

हे तिन्ही मिळून काय होतं ते सांगते. थिओफायलिन लिव्हरमधल्या सीवायपी १ए२ नावाच्या एन्झाइमनं मोडलं जातं. बिडी-सिगारेटच्या धुरातली हायड्रोकार्बन्स हे एन्झाइम वाढवतात, त्यामुळं रोज बिडी ओढणाऱ्याच्या अंगातून थिओफायलिन भराभर निघून जातं, न ओढणाऱ्यात ज्याला आठेक तास लागतात ते निम्मं व्हायला यांच्यात चार-पाच तास पुरतात. बिडी थांबली की काही दिवसांत हा जोर उतरायला लागतो. लक्षात घ्या, हे निकोटिनमुळं नाही धुरामुळं आहे, म्हणून निकोटिनचं च्युइंगम दिलं तरी फरक पडत नाही. आणि सिप्रो हेच एन्झाइम अडवतं. सिप्रोच्या माहितीपत्रकात थिओफायलिनबरोबर दिल्यावर फिटचे झटके येऊन, हृदय थांबून पेशंट दगावल्याचा इशारा स्पष्ट छापलेला आहे. त्यात भर म्हणजे चहातलं कॅफिन पण याच एन्झाइमनं जातं, म्हणजे दिवसभर जेवण सोडून नुसता चहा प्यायलेल्या माणसाला ते पण साचलेलं.

एका बाजूनं आवक वाढलेली, दुसऱ्या बाजूनं जावक दोनदा कमी झालेली. आणि थिओफायलिनची औषध आणि विष यांच्यामधली जागा मुळातच चिंचोळी, रक्तात १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली ही जुनी रेंज, हल्ली बरेच जण १५ च्या आतच ठेवतात.

कोणते पर्याय समोर होते

खरं सांगायचं तर तेव्हा बसून विचार केला नव्हता, पण नंतर मांडून बघितलं तर चार वाटा होत्या.

ऑर्डर आहे म्हणून प्रोप्रॅनोलॉल द्यायचं. सगळ्यात सोपं, कागदावर मी सुरक्षित. नवीन मुलींना सांगावंसं वाटतं की कागदावर सुरक्षित असणं हे पण पूर्ण खरं नसतं, गोळी कुणाच्या हातानं गेली हे पण लिहिलेलं असतंच.

दुसरी वाट म्हणजे नुसतं नेब थांबवून सकाळच्या राउंडपर्यंत वाट बघायची. ही वाट फार मोहाची असते, रात्री मोठ्या सरांना फोन करायला कुणाला आवडतं. पण दहाचं डेरिफायलिन ट्रेमध्ये भरून तयार होतं, आजींच्या हातात गोळी होती, आणि थिओफायलिनचा झटका काही सांगून येत नाही, मळमळ मग थरथर मग झटका असा क्रम पाळेलच असं नाही.

तिसरी, डेरिफायलिन आणि घरची गोळी माझ्या पातळीवर थांबवायची, लिहून ठेवायचं, आरएमओंना बेडवर बोलवायचं आणि फिजिशियन सरांना कळवायचं. डोस थांबवून कळवणं आमच्या हातात आहे, औषध बदलणं नाही. ही सीमा मी तरी पाळते.

चौथी, सरळ मोठ्या आयसीयूला हलवायचं. पोटॅशियम आणि ईसीजी बघितल्याशिवाय ते ठरवणं घाईचं झालं असतं, आणि रात्री ॲम्ब्युलन्समध्ये झटका आला असता तर अजून वाईट.

काय केलं

तिसरी वाट धरली. आरएमओंना परत फोन लावला आणि या वेळी घाबरत घाबरत न बोलता एका दमात सांगितलं: "सर, सीओपीडीचा पेशंट आहे म्हणून प्रोप्रॅनोलॉल होल्ड केलंय. घरची थिओफायलिन ४०० एसआर तीन दिवस चालूच होती, वर आपलं डेरिफायलिन तीन वेळा, कालपासून सिप्रो, आणि शनिवारपासून बिडी बंद. पल्स १३६, दोन उलट्या, ट्रेमर. दहाचं डेरिफायलिन मी दिलेलं नाही. तुम्ही येऊन बघा आणि मोठ्या सरांना फोन करूया."

दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, "सिप्रो कुणी सुरू केलं?" आणि पाच मिनिटांत वर आले. यात ते वाईट डॉक्टर होते असं अजिबात नाही, त्यांना फोनवर मी पहिल्यांदा जे सांगितलं होतं त्यात थिओफायलिन, सिप्रो, बिडी यातलं काहीच नव्हतं, नुसती पल्स आणि थरथर सांगितली तर समोरचा माणूस पल्स आणि थरथरीचंच औषध सांगणार.

ईसीजी काढला, सायनस टॅकिकार्डिया (ठोके नियमित पण वेगात), मधे मधे एक्टोपिक (अवेळी पडणारे ठोके). पोटॅशियम २.८ म्हणजे बरंच खाली, ॲडमिशनला ३.९ होतं. साल्ब्युटामॉल पोटॅशियम खाली आणतं, थिओफायलिन आणतं, हायड्रोकॉर्टिसोन आणतं, वर उलट्या, चौघांनी मिळून ओढलं खाली. रक्त काढतानाच थिओफायलिन लेव्हलचं सँपल पण घेतलं, ते आमच्याकडं होत नाही, बाहेर जातं.

फिजिशियन सरांनी फोनवरच सगळं बदललं. थिओफायलिन गटातलं सगळं बंद, सिप्रो बंद, अमॉक्सिक्लॅव काढून सेफ्ट्रियाक्सोन, म्हणजे छाती आणि लघवी दोन्ही एकात. लघवीच्या इन्फेक्शनवरच्या नायट्रोफ्युरँटोइनचा विषय निघाला होता पण क्रिएटिनिन १.३, वय आणि वजन धरून हिशोब केला तर किडनीचा क्लिअरन्स ४० च्या आसपास येत होता, म्हणून ते सोडलं. आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाइन चालू होतं ते काढलं, त्यात कॅल्शियम असतं आणि सेफ्ट्रियाक्सोन त्याच लाइनमध्ये गेलं तर साका धरतो, लाइन फ्लश करून एनएस (साधं मिठाचं सलाइन) लावलं. एक लिटर एनएसमध्ये पोटॅशियम क्लोराइड ४० एमइक्यू, पंपावर सहा तास, मॉनिटर लावून. पोटॅशियमची बाटली मिसळून उलटी-सुलटी करणं आणि लेबल लावणं मी दुसऱ्या सिस्टरसमोर केलं, या एका औषधाबाबतीत मी एकटीवर विश्वास ठेवत नाही.

ॲक्टिव्हेटेड चारकोलचा (पोटातलं औषध शोषून घेणाऱ्या कोळशाचा) विचार झाला. एसआर गोळी असेल तर उपयोग होतो, पण शेवटची गोळी बुधवारी रात्रीची होती, उलट्या चालू होत्या, फुफ्फुसात गेलं तर आधीच अधू छाती, म्हणून सरांनी नको म्हटलं. बेडजवळ लोराझेपाम (झटका थांबवणारं औषध) काढून ठेवायला सांगितलं, झटका आलाच तर तेच, फेनिटोइन हे फिटचं दुसरं औषध नको कारण थिओफायलिनच्या झटक्याला ते लागू पडत नाही. आणि सीओ२ साठणाऱ्या पेशंटला लोराझेपाम दिलं तर श्वास मंदावू शकतो म्हणून अँबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि सक्शन पण तयार. नेब फक्त लेव्होसाल्ब्युटामॉल, लागेल तसं, इप्राट्रोपियम काढलं. चहा बंद. आजोबा सगळ्यात जास्त यावर चिडले.

निकाल काय झाला

झटका आला नाही. पहाटे सहाला पल्स ११८, शुक्रवारी संध्याकाळी ९८, पोटॅशियम ३.६. शनिवारी दुपारी अर्धी भाकरी आणि आमटी खाल्ली. लेव्हलचा रिपोर्ट शनिवारी आला, २४. घेतला तेव्हा शेवटचं इंजेक्शन होऊन साडेनऊ तास आणि शेवटची गोळी होऊन सव्वीस तास झाले होते, तरी २४. तीच ४०० ची गोळी घरी बिडीच्या जोडीनं वर्षानुवर्षं पचत होती.

कल्चरमध्ये ई कोलाय, सेफ्ट्रियाक्सोनला सेन्सिटिव्ह. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन सुरू केलं, सातव्या दिवशी कॅथेटर काढला, लघवी व्यवस्थित झाली. डिस्चार्जला थिओफायलिन कायमचं बंद, फॉर्मोटेरॉल-ब्युडेसोनाइडचा पंप स्पेसरसकट, टॅम्सुलोसिन रात्री आणि उठताना आधी बसून मग उठायचं हे दोनदा सांगितलं.

युरोलॉजिस्ट सरांना फिजिशियन सरांनी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मला कुणी सांगितलंच नाही. बरोबर आहे, पण त्यांनी पण विचारलं नव्हतं. तिथं विषय थांबला, भांडण वगैरे झालं नाही.

आजोबांना समजावून सांगताना मला एक उपमा सुचली. म्हटलं, चरक चालू आहे, रस काहिलीत पडतोय, खाली जाळ नीट असेल तर आटतो. तुमची बिडी म्हणजे वर टाकलेलं जास्तीचं चिपाड होतं, ते थांबलं, जाळ मंद झाला, रस मात्र आम्ही दुप्पट सोडला. आजोबा थोडा वेळ विचार करून म्हणाले, "आणि ती नवी गोळी?" मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "म्हंजे तुमी चुलवाणात पाणी वतलासा म्हणा की." इतकं नेमकं मला पण जमलं नसतं.

मागे वळून बघताना

पहिली चूक माझी, ती वर लिहिलीच. आता मी पिशवी मागते. "कोणत्या गोळ्या चालू आहेत" असं विचारलं की उत्तर येतं बीपीची, शुगरची, दम्याची. पिशवी बेडवर पालथी केली की खरं कळतं, त्यात शेजाऱ्यानं दिलेली पण निघते आणि मुलीची पण निघते. आणि घरचं औषध वॉर्डात चालू ठेवायचं की बंद, हे नातेवाइकांना तोंडी सांगून भागत नाही, जे बंद ते पाकीट आमच्याकडं जमा, डिस्चार्जला परत.

दुसरं, आम्ही सगळे नवीन काय सुरू झालं तेच बघतो, बंद काय झालं ते बघत नाही. बिडीचा प्रश्न ॲडमिशन फॉर्मवर होता, "व्यसन: होय", पण किती आणि शेवटची कधी, हे नव्हतं. जे लोक थिओफायलिन किंवा क्लोझापिनसारखं (मानसिक आजारावरचं) औषध घेतात त्यांच्यात ही तारीख महत्त्वाची असते, कारण हॉस्पिटलमध्ये येणं म्हणजेच बहुतेकांचं धूम्रपान अचानक बंद होणं. मनोरुग्णांच्या वॉर्डात काम केलेल्या माझ्या मैत्रिणीला हे माहीत होतं, मला नव्हतं.

हँडओव्हरला हसलो ते अजून टोचतं. "बिडी नाही मिळत म्हणून चिडचिड" हे कारण अर्धं खरं होतं, बिडीचाच संबंध होता पण उलट्या बाजूनं. मळमळ, झोप नाही, चिडचिड, ही थिओफायलिन साचल्याची पहिलीच लक्षणं, आणि ती गुरुवारी सकाळपासून समोर होती. चौदा-पंधरा तास आम्ही त्यांना स्वभाव समजत बसलो.

ऑनडॅनसेट्रॉनबद्दल कुणी मला काही बोललं नाही, पण मी स्वतः ते मोजते. सिप्रो क्यूटी (ईसीजीवरचं एक अंतर, ते लांबलं की हृदयाचे ठोके धोकादायक बिघडू शकतात) लांबवतं, ऑनडॅनसेट्रॉन पण लांबवतं, आणि पोटॅशियम २.८ असताना दोन्ही एकत्र म्हणजे आगीशी खेळ. मला तेव्हा पोटॅशियम माहीत नव्हतं हे खरं, पण दिवसभर न जेवलेल्या, स्टेरॉइड आणि नेबवर असलेल्या पेशंटचं पोटॅशियम खाली असणार हा अंदाज अकरा वर्षांच्या नोकरीनंतर यायला हवा होता. क्यूटीसी ४६० निघाला. नशीब.

प्रोप्रॅनोलॉल थांबवलं त्याचं कौतुक झालं, पण तो फोनवरचा ऑर्डर मी परत वाचून दाखवला असता, "सीओपीडीच्या पेशंटला प्रोप्रॅनोलॉल २०, बरोबर ना सर?" एवढं, तर सर तिथंच थांबले असते असं मला वाटतं. ऑर्डर परत म्हणताना त्यात निदान जोडायचं, ही सवय मी नंतर लावून घेतली. भांडण पण होत नाही, समोरच्याचा मान पण राहतो.

क्रॉस रेफरन्सचं (दुसऱ्या स्पेशालिस्टला बोलावण्याचं) म्हणाल तर आता बाहेरचे डॉक्टर आले की ट्रीटमेंट शीट फाइलला लावूनच पुढं करायची असं ठरलंय. कधी पाळलं जातं, कधी नाही. रविवारी तर नाहीच.

फॉर्म पण भरला. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करायला भारत सरकारचा फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम २०१० पासून आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडं तो चालतो, आणि त्याचा फॉर्म नर्स पण भरू शकते, फक्त डॉक्टरांनीच भरायचा असं नाही. हेल्पलाइन १८००-१८०-३०२४, फोन फुकट. मला हे अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

महिन्याभरानं दोघं फॉलोअपला आले. आजोबांची बिडी बंदच होती, असं आजी म्हणाल्या, आजोबा दुसरीकडं बघत होते. मी काही म्हणायच्या आत आजींनी पिशवी टेबलावर पालथी केली. पंप होता, टॅम्सुलोसिन होती, आणि एक नवीन पाकीट होतं, गावातल्या मेडिकलवाल्यानं "दम लागला तर घ्या" म्हणून दिलेलं. डेरिफायलिन रिटार्ड १५०, म्हणजे परत थिओफायलिनच, दोन गोळ्या कमी. पाकीट काढून घेतलं आणि केस पेपरवर लाल पेनानं लिहून दिलं, थिओफायलिन असलेलं कोणतंही औषध देऊ नये, आणि तो कागद मेडिकलवाल्याला पण दाखवा म्हटलं.